डार्कली बोलणारी आजी

अध्यक्ष मलप्पा गुरुजी, व्यासपीठावरची पाहुणे मंडळी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या इंग्रजीच्या चंद्रप्रभाबाई, आणि समोर बसलेल्या आयाबायांनो, लेकरांनो, सगळ्यांना निलंग्याच्या कावेरीबाईचा नमस्कार.

मला अक्षर येत न्हाई. मी सांगितलं, शेजारच्या शीलानं लिहिलं, आणि माझी नात मनस्विनी, आमची मनू, आत्ता पहिल्यांदाच ते वाचतीय. मधी अडखळली तर समजून घ्या.

बाईंची एक रीत हाय. नवा शब्द शिकवला की वाक्य पुस्तकातलं चालत न्हाई, घरात कानावर पडलेलं लिहायचं. मनू दहावीला असताना शब्द आला 'डार्कली'. पुढं काहीतरी वाईट होणार हे सरळ न सांगता, आवाजात धाक भरून बोलायचं, ते डार्कली बोलणं. माणूस डार्कली बघतो, डार्कली हसतो. डार्कली जेवत मात्र न्हाई.

दोन दिवसांनी बाई वही घेऊन दारात. "मावशी, तुमचं वाक्य वर्गात सगळ्यात चपखल ठरलं." मी काय फुगले! शेजारच्या नीलम्माला हाक मारून बसवलं. म्हणलं, "वाचा बाई, जरा मोठ्यानं."

बाईंनी वाचलं, "'जा की लातूरला शिकायला. परत आल्यावर बघू दार कोण उघडतंय,' आजी डार्कली म्हणाली."

नीलम्मा म्हणली, "अगं बया, हे कवतिक हाय व्हय?"

मी विचारलं, "पोरगी भ्याली का हो?"

"लातूरच्या कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला तिनं नावच दिलं न्हाई, मावशी. उद्या शेवटचा दिवस."

आता तुम्हीच सांगा, दार कोण उघडणार होतं? मीच की! ती गेल्यावर माझ्याशी भांडायला घरात कोण उरणार, एवढंच माझं दुखणं. बाई रागावल्या न्हाईत. चहा संपवून म्हणल्या, "दुसरं वाक्य सांगता? लिहून नेते."

मी सांगितलं, "मनू, तू गेलीस तर मला करमायचं न्हाई. तरी जा."

सकाळी शाळेत मनूनं ते वाचलं, आणि परीक्षेला तिचं नाव गेलं. दोन वर्षं झाली, ती लातूरला हाय.

बाई, सुखानं राहा. अध्यक्षांनी म्हातारीला बोलू दिलं, उपकार झाले. काही वाकडं गेलं असंल तर पोटात घाला.

मनू, थांब, बसू नको. हेही मोठ्यानं वाच : तवा तुला भ्या घातलं, ते माझं चुकलं. वाचलंस? आता डोळे पूस. बाईंना हार तुलाच घालायचाय.