एक चांगला येऊंदे, की मी निघालो

…नाही नाही, लेन्स वाईट आहे असं मी म्हणतच नाहीये! आधी ऐकून तर घ्या. लेन्स उत्तमच असणार, सासऱ्यांची आहे, मी पुण्याची असले तरी एवढं मला कळतं. माझं म्हणणं इतकंच की घरात नवाकोरा कॅमेरा आहे, समोरच्याचा डोळा हुडकून आपल्या आपण फोकस करणारा, पळत्या कुत्र्याचासुद्धा डोळा सोडत नाही तो… आणि त्याची स्वतःची लेन्स कपाटात घालून आम्ही त्याला काय लावतो? तर माझ्या नवऱ्याच्या, अद्वैतच्या मुंजीतले फोटो जिनं काढले ती लेन्स! आणि मग दर रविवारी अंघोळी करून, केस विंचरून, बेंगळूरच्या बेळ्ळंदूर भागात बाराव्या मजल्यावर आम्ही रांगेत उभे. आणि समोरून आवाज, "हलू नकासा!"

तुम्हाला सांगते, आप्पाजी, म्हणजे माझे सासरे, तसे गरीब माणूस. निपाणीच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले, सासूबाई जाऊन आता काही वर्षं झाली, एकटेच राहतात. यंदा मोतीबिंदूचं ऑपरेशन करायला म्हणून अद्वैतनं त्यांना बेंगळूरला आणलं. आले ते एक पिशवी घेऊन. पिशवीत दोन धोतरं, आमच्यासाठी चिवडा, आणि कानटोपीत गुंडाळलेलं काहीतरी. मी आपलं प्रेमानं उघडायला गेले, तर भसाभसा तांदूळ सांडले! अहो, त्यांचा जुना कॅमेरा कधीच बुरशी लागून गेला होता, पण लेन्सला ओल लागू नये म्हणून ह्यांनी ती तांदळाच्या डब्यात ठेवली होती. इतकी वर्षं! "अद्वैत, ही तुला ठेव," म्हणाले, "माझ्या मागं कोण तांदूळ बदलनार हिचे?" झालं! अद्वैतचे डोळे भरले. आणि आमच्या घरात नवऱ्याचे डोळे भरले की ताबडतोब काहीतरी ऑनलाइन मागवलं जातं.

काय मागवलं? अ‍ॅडॉप्टर! मला वाटलं चार्जरचा असेल. "अगं, नुसती रिंग असते सुखदा! एका बाजूनं जुनी लेन्स, दुसऱ्या बाजूनं नवा कॅमेरा, बास!" नुसती रिंग! पहिली रिंग आली ती लेन्सला बसेना. म्हणे ह्या लेन्सला आटे आहेत, ती आट्यांची नव्हतीच. परत पाठवली. दुसरी आली ती बसली, पण अशी बसली की निघेना, मग मी भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून बरणीचं झाकण काढतात तशी काढून दिली, आणि हे दोघे बापलेक बाजूला उभं राहून मला "हळू! हळू!" सांगत होते. अखेर सगळं जमलं. बटण दाबलं. आणि कॅमेरा काय म्हणाला असेल? म्हणाला, लेन्स लावा! अहो, हातभर लेन्स नाकासमोर लटकतीय आणि हा म्हणतो लेन्सच नाही! कारण काय, तर जुन्या लेन्सला कॅमेऱ्याशी बोलणारे विजेचे टिकले नसतात, त्यामुळे ह्याला ती दिसतच नाही. मग कॅमेऱ्याच्या पोटात शिरून कुठलीतरी सेटिंग शोधली, लेन्स नसली तरी फोटो काढू दे, अशी. आप्पाजी शांतपणे म्हणाले, "असू दे की. खालच्या गेटवरपण मी रोज दिसत न्हाई त्यांना."

हे मात्र खरं हो. म्हणजे आमचं कॉम्प्लेक्स असं, की ज्याचं नाव गेटच्या मोबाइलमध्ये नाही ते माणूस फिरून परत आलं की घरातल्या कोणीतरी मोबाइलवर होकार द्यायचा. मी असायची मीटिंगमध्ये, अद्वैत रिंगरोडवर अडकलेला, आणि आप्पाजी आपले 'व्हिजिटर' म्हणून खुर्चीवर बसलेले. मुलाच्या घराच्या दारात! वॉचमन मंजुनाथ बिचारा त्यांना रोज ओळखायचा, पण मोबाइल ओळखत नव्हता ना. मला एकदा इतकं लाजल्यासारखं झालं, मी मीटिंग सोडून चपला न घालता खाली गेले.

तर मुद्दा काय… हां, फोकस! ही लेन्स हातानं फिरवायची. आणि आप्पाजी तिची आतली झडप सगळी उघडी ठेवणार, कारण "घरात उजेड स्वल्प हाय." आणि उघडी ठेवली की तिचा फोकस इतका नाजूक, की नाकावर धरला तर कान गेले! जरा कोणी पुढंमागं झालं की धुकं. म्हणून ते "हलू नकासा." त्यात आप्पाजी रिळाच्या काळातले. आता मेमरी कार्डात हजारो फोटो मावतात, दाबत राहा ना बाबा बटण! पण नाही. एका वेळेला एकच फोटो. "फुकट कशाला घालवायचा?" अहो, काय घालवायचा? काही जातच नाही त्यात! पण ते एकदाच दाबणार. आणि त्या एकदाच्या आधी किती वेळ ती रिंग इकडं, तिकडं, पुन्हा इकडं… निधी माझी सात वर्षांची पोर, तिला शाळेत कधी कोणी इतका वेळ उभं केलं नाही. एकदा तर शेजारच्या शिवलीलाअक्का वाटीभर सांबार घेऊन आल्या, ह्यांनी दारातच त्यांना म्हटलं "हलू नकासा", आणि त्या वाटी धरून उभ्या! मागून लिफ्टमधला माणूस ओरडतोय, "अज्जा, स्वल्प बेगा माडी!" आजोबा, जरा लवकर करा म्हणून!

आणि मी हे सगळं सहन का करत होते? तर पहिल्याच रविवारी आप्पाजी काय म्हणाले ऐका. फोटो हलला होता, निधी शिंकली होती. तर म्हणाले, "असू दे. तुमच्या तिघांचा एक चांगला येऊंदे, की मी निघालो. निपाणीला तुझ्या सासूच्या फोटोशेजारी लावतो. डोळ्याचं काम झालं, इथं माझं आता काय काम हाय?"

निघालो! कुठं? त्या रिकाम्या घरात? तुम्हाला सांगते, मागच्या पावसाळ्यात तिथं न्हाणीत पाय घसरून पडले, आणि आम्हाला एका शब्दानं सांगितलं नाही. फोनवर विचारलं की "मजेत हाय." शेजारच्या अंबूबाईंनी अद्वैतला कळवलं तेव्हा समजलं की चार दिवस दूध-पाव खाऊन होते, कारण ओट्याशी उभं राहता येत नव्हतं. मजेत हाय म्हणे! माझे वडील मी कॉलेजात असताना गेले, मला काही सासऱ्यांना बाबा-बिबा म्हणायची हौस नव्हती, पण हा माणूस सकाळी माझा चहा झाकून ठेवतो हो. मी लॅपटॉपसमोर असले की पावलं न वाजवता येतो, कप ठेवतो, वर बशी उपडी घालतो आणि जातो. मला ते गेलेले नको होते, बस्स, एवढंच. पण राहा म्हटलं की, "बघू की." आणि पिशवी भरलेली. सदा भरलेली!

मग मी काय केलं? मी हलले.

मुद्दाम हो! दुसऱ्या रविवारी ते "हलू नकासा" म्हणाले, रिंग फिरवून फिरवून थांबली, बोट बटणावर गेलं… आणि मी आपली पुढं वाकले, पायाला डास चावल्यासारखी. फोटो गेला! "अगं काय करालीस?" "सॉरी हं आप्पाजी, डास!" बाराव्या मजल्यावर डास! "असू दे. पुढच्या रविवारी बघू." मला इतका आनंद झाला की मी शिरा केला. पुढच्या रविवारी मला खोकला आला. त्याच्या पुढच्या रविवारी कुकरची शिट्टी झाली म्हणून दचकले, आणि कुकर लावलाच नव्हता. निधी म्हणाली, "आई, तू मुद्दाम हललीस!" मी म्हटलं, गप्प बस. तर पुढच्या आठवड्यात ती पण हलायला लागली, बाईसाहेब! निपाणीची बस कितीदा रद्द झाली असेल कुणास ठाऊक. आणि दर खेपेला आप्पाजींचं तेच, पिशवीकडं बघत, "एक चांगला येऊंदे, की मी निघालो."

पण अद्वैतच्या लक्षात आलं. तो माझ्यासारखा नाही, तो विचार-बिचार करतो. मला बाल्कनीत नेऊन म्हणाला, "सुखदा, हे बरोबर नाही. त्यांना जायचंय तर जाऊ दे. त्यांचं घर आहे ते, आईचं घर आहे. आपण त्यांना फसवून अडकवून ठेवतोय." आणि म्हणाला, "मला काय आवडतंय का त्यांनी जाणं?" भांडता येत असतं तर बरं झालं असतं. मी रात्रभर… नाही, झोप लागली मला, खोटं कशाला बोलू, पण सकाळी उठले ती ठरवून उठले की आज हलायचं नाही.

आणि तुम्हाला सांगते, नाही हलले! माझ्या बारशापासून मी इतकी स्थिर कधी उभी नसेन. निधीचा दंड मी धरून ठेवला होता. अद्वैत खांबासारखा. आप्पाजी म्हणाले, "हलू नकासा." मी मनात म्हटलं, नाही हलत आप्पाजी, जावा तुम्ही, तुमच्या घरी जावा, पण न्हाणीत जपून हं. डोळे भरून आले, पण पापणी नाही मिटली. रिंग फिरली. थांबली. परत फिरली. खट्!

अद्वैतनं कॅमेरा घेतला, फोटो मोठा करून बघितला. मी मागून डोकावले. आणि काय आलं असेल? आम्ही तिघं… धुकं! कोण आई, कोण बाप, ओळखू येईना. आणि आमच्या मागं, बाल्कनीतल्या दोरीवर वाळत घातलेला टॉवेल, इतका स्वच्छ, इतका टोकदार, की कडेच्या शिवणीतला सुटलेला दोरा मोजून घ्यावा! "म्हातारा झालो बाबा," आप्पाजी म्हणाले, "डोळं चालंनात." आणि लगबगीनं आत गेले. जाता जाता तेच, "असू दे, पुढच्या रविवारी बघू."

मी घाबरले! ऑपरेशन बिघडलं की काय? संध्याकाळी इंदिरानगरला डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, डोळे अगदी ठणठणीत. घरी आल्यावर मी निधीच्या गणवेशाचं बटण लावायला बसले, मला काही सुईत दोरा जाईना. आप्पाजी म्हणाले, "आण इकडं." चष्मा चढवला, आणि पहिल्या फटक्यात! दोरा आत! माझ्याकडं बघितलं, मग एकदम सुईकडं बघितलं, आणि म्हणाले, "नशीब, गेला एकदाचा."

निधी झोपल्यावर… नाही, लगेचच, स्वयंपाकघरात उभी राहून मी कॅमेऱ्यातले सगळे रविवार काढले. डासाचा, खोकल्याचा, कुकरचा. आणि बघते तर काय! मी हललेली आहेच, पण मागं बघा ना! एकात वॉशिंग मशिनवरची बटणं वाचता येतायत. एकात तुळशीचं पान न् पान. शिवलीलाअक्कांच्या फोटोत अक्का धूसर आणि लिफ्टचा आकडा लख्ख! म्हणजे मी बापडी कसले कसले डास मारत होते, आणि मी हलले नसते तरी एकही फोटो यायचा नव्हता! त्यांना जायचंच नव्हतं हो! नुसतं "राहतो" म्हणता येत नव्हतं, मुलाच्या घरी कसं म्हणायचं ते… आणि मला "जाऊ नका" म्हणता येत नव्हतं. मी ओट्याला टेकून हसले, आणि मग रडले, आणि पोळी करपली.

अद्वैतला सांगितलं का? नाही सांगितलं. तो विचार-बिचार करतो, उगाच समोर बसून बोलू या म्हणेल, आणि मग आप्पाजींना लाजेनं खरंच जावं लागेल. तेवढं गेटवरच्या मोबाइलमध्ये मात्र मी त्यांचं नाव घातलं, 'रहिवासी' म्हणून. मंजुनाथनं सॅल्यूट ठोकला.

तर परवा जेवताना आप्पाजी ताटाकडं बघत विचारतात, "सुखदा, दिवाळीपत्तुर येईल काय गं एक चांगला?" मी भात वाढला, वर तूप घातलं आणि म्हटलं, "दिवाळीत कसलं हो, पाहुणे, धूर, कोण नीट उभं राहणार? संक्रांतीला बघू."

"सरी, बरं," म्हणाले आप्पाजी, "संक्रांतीलापण तुमच्यात लई थंडी असती म्हणतात. माणूस कापतंय."