आणेची नागली

सगुणाबाई : साडी लय चांगली हाय. पण मी येणार नाय, हिरामण.

हिरामण : आई, उद्या दुपारी तुझा मुलगा राज्यमंत्री होणार. पहिल्या रांगेत तुझी खुर्ची धरून ठेवलीय. आपल्या डोंगरातलं एवढ्या लहान वयात कोण तिथवर गेलंय?

सगुणाबाई : आधी तू आय म्हणायचास.

हिरामण : बरं, आय. चल ना. गाडी हरसूलच्या रस्त्याला उभी केलीय, तिथून चालत आलो तुझ्यासाठी. मीना नाशकात तयार होऊन बसलीय.

सगुणाबाई : तिला ने. भावाची हौस हाय तिला. पण तिथं करायचं काय असतं?

हिरामण : शपथ घ्यायची. राज्यपालांसमोर.

सगुणाबाई : कोणाची?

हिरामण : ईश्वराची. कागदावर लिहिलेलं असतं, ते मोठ्यानं वाचायचं.

सगुणाबाई : म्हंजे आणच.

हिरामण : तसंच काहीतरी.

सगुणाबाई : एक आण अजून माझ्या घरात पडलीय, आणि तू दुसरी घ्यायला निघालास.

हिरामण : मला माहीत होतं तू इथंच येणार.

सगुणाबाई : मग कुठं जाऊ? वरच्या पाड्यात, झुंबरआत्याच्या अंगणात, सगळ्या बायामाणसांसमोर तिच्या कणगीतली मूठभर नागली हातात घेतलीस. म्हणालास, दाण्यादाण्यात वसलेल्या कणसरीमातेची आण, धरणाच्या भिंतीला माझा होकार जाणार नाय. मी शेजारीच उभी होते. एक दाणा बी खाली पडू दिला नायस. मला वाटलं, लेकराला भार कळतोय.

हिरामण : कळत होता. अजूनही कळतो. पण सभागृहात मागच्या बाकावर बसून मी काय करत होतो, हे कुणी पाहिलं? बोलायला उठलो की वेळ संपलेली असायची. तिथंच राहिलो असतो तर तिन्ही पाडे बुडाले असते. सरकारवाल्यांच्यात गेलो, म्हणून भिंत नदीच्या वरच्या अंगाला सरकली. दोन पाडे वाचले, आय. हे घर वाचलं.

सगुणाबाई : आणि वरचा पाडा?

हिरामण : त्यांना घोटीकडं जागा मिळणार आहे. पक्की घरं, नळ.

सगुणाबाई : त्यांना विचारलंस?

हिरामण : विचारणारच होतो. तेवढ्यात आम्हा पक्ष सोडणाऱ्या सगळ्या आमदारांना परराज्यात नेलं. हॉटेलात मोबाइलसुद्धा काढून घेतलेले.

सगुणाबाई : मीनानं मोबाइलात दाखवलं मला. निळ्याशार पाण्याच्या कडेला पांढऱ्या खुर्चीत बसलेलास. एवढं पाणी, आणि पोहत कोणी नव्हतं. सगळे हसत होते, तू बी हसत होतास. मला आपलं एकच, पोटभर जेवला असंल का.

हिरामण : जेवायला खूप होतं. जेवण जात नव्हतं.

सगुणाबाई : इथं बी तसंच. आपलं घर वाचलं, पण विस्तव मागायला कोणी उंबऱ्याशी येत नाय. वरच्या पाड्याच्या बाया माझ्या दारावरनं बाजाराला जातात. आधी लांबूनच हाक मारायच्या, आमदाराची आय, चल गं. आता दार आलं की पदर पुढं ओढतात. भांडत नाय कोणी. भांडल्या असत्या तं बरं वाटलं असतं.

हिरामण : दोन वर्षं जाऊ देत. रस्ता होईल, दवाखाना होईल. विसरतील.

सगुणाबाई : परवा झुंबरआत्या आली होती. मी म्हटलं बस, चहा टाकते. बसली नाय. पुरचुंडी उंबऱ्यावर ठेवली आणि माघारी गेली.

हिरामण : कसली पुरचुंडी?

सगुणाबाई : तुझ्या मुठीतली नागली. तिनं आढ्याला बांधून ठेवली होती. काम झालं असतं तं सगळ्यांनी मिळून पेरली असती. आण मोडली की ती नागली आयकडं येती. विसरलास?

हिरामण : म्हाताऱ्यांच्या गोष्टी त्या.

सगुणाबाई : हां. मी म्हातारीच हाय.

हिरामण : तसं नव्हतं म्हणायचं मला. तू जात्यावर म्हटलेली ओवी अजून माझ्या मोबाइलात आहे. प्रचाराच्या जीपवर वाजायची ना, ती. फोन आला की तीच वाजते.

सगुणाबाई : कोणती, म्हण बघू.

हिरामण : माझ्या हिऱ्याचा शबूद, नागलीच्या दाण्यावाणी...

सगुणाबाई : पुढं?

हिरामण : ...मुठीत दडला तरी, उगवंल रानोरानी.

सगुणाबाई : काढून टाक ती.

हिरामण : आय.

सगुणाबाई : दळायला बसते तं आता दुसरीच येती तोंडात. हिरा गेला मोठ्या गावा, मागं राहिली पायवाट. पायवाटंला बाई, गवत आलं दाट. एवढं म्हणते आणि जातं थांबतं.

हिरामण : उद्या तू समोर नसलीस तर मला ते वाचता येणार नाही. खरं सांगतो.

सगुणाबाई : येईल. कागद असतो ना हातात. आणेला कागद नव्हता.

हिरामण : मग ती पुरचुंडी तरी दे मला. बरोबर नेतो. खिशात ठेवीन.

सगुणाबाई : तुझ्या हातात एकदा दिलीच होती.

हिरामण : मग तू काय करणार तिचं? दळायची नाही, पेरायची नाही.

सगुणाबाई : मी जाईन तेव्हा माझ्या पदरात बांधतील. मीनाला सांगून ठेवलंय. रडली. पण हो म्हणाली.

(सगुणाबाई चुलीत लाकूड सारते.)

हिरामण : भूक लागलीय गं. नागलीची भाकर टाक एक, तेवढी खाऊन निघतो. हॉटेलात रोज आठवायची.

सगुणाबाई : पीठ मळलेलं हाय. गव्हाचं.

हिरामण : गव्हाचं? आपल्या घरात गहू कधीपासून?

सगुणाबाई : पाव्हण्यापुरता आणून ठेवते. हात धुवा, बसा.