चार गुणांची चोरी

ता. ३ एप्रिल १९९७, दुपारी १२ वाजून १० मिनिटे, कोपरगाव.

नाव राधाकृष्ण दत्तात्रय कोऱ्हाळकर, वय ५२ वर्षे, धंदा हायस्कुलात संस्कृत शिक्षक, शिवाय एका साप्ताहिकाचा वार्ताहर, राहणार कोपरगाव, जि. अहमदनगर.

हवालदार कानिफनाथ आव्हाड यांनी विचारल्यावरून समक्ष जबाब देतो की, वरील पत्त्यावर मी पत्नीसह राहतो. फिर्यादी गोरक्ष वाकचौरे यांचा आमच्या गल्लीत छापखाना असून तालुक्यातील तेवीस शाळांच्या वार्षिक परीक्षेचे पेपर तेथे छापले जातात. हे काम गेले तर छापखान्यात लग्नपत्रिका तेवढ्या उरतील, आणि त्याही फक्त तिथी असताना.

गेल्या दसऱ्याला फिर्यादींनी संगणक घेतला. त्यानंतर महिन्याभराने आमच्या साप्ताहिकात ‘संगणकातील दरोडेखोर’ हा लेख आला. परदेशात भामटे तारेतून दुसऱ्याच्या संगणकात शिरतात, अशी माहिती त्यात होती. लेख मीच लिहिला होता. तोवर मी संगणक दुरूनच पाहिलेला होता.

लेख वाचून फिर्यादींनी बंदोबस्त केला. संगणकाला टेलिफोनची तार जोडलेली नव्हती, तरी शेजारच्या खोलीतला टेलिफोन ते रोज संध्याकाळी काढून ठेवू लागले. व्हायरस मरावा म्हणून बाहेरून आलेल्या फ्लॉप्या त्यांनी कुरडयांसोबत उन्हात ठेवल्या, त्या ऑपरेटर सायली हिने उचलून आणल्या. धूळ जाऊ नये म्हणून संगणकाच्या केबिनबाहेर चपला काढण्याचा नियम झाला. तो गिऱ्हाइकांपासून पोस्टमनपर्यंत सर्वांनी पाळला.

संगणकाला पासवर्डही घातला. नव्या वहीवर पहिला शब्द श्री पडतो, तसा नव्या यंत्रातही तोच पडला पाहिजे, असे फिर्यादींचे म्हणणे पडले. सायली म्हणाली, “काका, हा तर कुणीही ओळखेल.” त्यावर फिर्यादी म्हणाले, “वळखू दे की. देवाचं नाव घेऊन आत शिरनारा चोरी करीन व्हय?” छापखान्याच्या समोरच्या दाराची किल्ली चौकटीवर असते, हेही गल्लीत सर्वांस ठाऊक आहे.

नववीचा संस्कृतचा पेपर मी काढला आहे. काल सायंकाळी ५ वाजता शेवटचे प्रूफ वाचून मी सही केली. फिर्यादी सायलीला म्हणाले की, गुर्जींची सही झाली म्हंजी पुन्हा बघायचं काम न्हाई.

आज सकाळी ७ वाजता बनुबाई झाडायला आल्या. समोरचे कुलूप काढलेले, केबिनचे गल्लीकडचे दार उघडे आणि केबिनबाहेर एक चपलांचा जोड, असे त्यांना दिसले. त्यांनी फिर्यादींना बोलावले. सायलीने संगणक उघडला असता संस्कृतच्या पेपरला सकाळी ६ वाजून ५० मिनिटांनी कोणीतरी हात लावल्याची वेळ निघाली. सही केलेल्या प्रुफाशी ताडून पाहता सहाव्या प्रश्नाचे गुण १२ होते, ते ८ झाले होते. बाकी काही गेले नव्हते. सबब फिर्यादीत गेला माल म्हणून ‘चार गुण’ असे नमूद आहे.

पेपर काढणारा म्हणून मला बोलावले. मी गेलो. फिर्यादी खुर्चीत बसून होते. पेपर फुटला असे शाळांना कळवावे लागेल, मग काम नगरच्या छापखान्याकडे जाईल, असे ते हळू आवाजात म्हणाले. सायलीची नोकरी त्याच कामावर आहे.

बनुबाईंनी माझ्या पायांकडे पाहून विचारले, “गुर्जी, अनवानी?” मी अनवाणी चालण्याचा नेम धरल्याचे सांगितले. “कधीपासून?” आजपासून, असे सांगितले. “चपला तुमच्याच मापाच्या दिसत्यात,” असे त्या म्हणाल्या. त्या मापाचे पाय पुष्कळांचे असतात, असे मी म्हणालो. सुभाषित एकही आठवले नाही.

चपला दोऱ्याने बांधून, लाखेचे सील करून ठाण्यात आणल्या. येथे हवालदारांनी विचारले, “गुर्जी, मला एक सांगा. चोर मानूस आत शिरताना चपला कशाला काढीन?” मी म्हणालो, “धूळ जाऊ नये म्हणून.” हवालदारांनी लिहिणे थांबवले. “तुमाला काय ठाव?” असे त्यांनी विचारले. बाकावर फिर्यादी बसले होते व ते माझ्याकडे पाहत नव्हते.

सबब खरे सांगतो की, आज पहाटे ५ वाजता दात घासताना मी पेपरातल्या गुणांची मनातल्या मनात बेरीज केली. ती एकशेचार झाली. कागदावर केली, तरी तेवढीच झाली. सत्तावीस वर्षे मी इतरांच्या बेरजा तपासत आलो आहे. फिर्यादींना उठवून सांगणे सोपे होते. मी चौकटीवरची किल्ली काढली, केबिनबाहेर चपला काढल्या, श्री टाकले आणि बाराचे आठ केले. एवढ्यात बनुबाईंची बादली वाजली. मी गल्लीकडच्या दाराने घरी गेलो. पेपर फुटलेला नाही. चूक माझ्या हस्तलिखितातली आहे, सायलीची नाही. हे शाळांना माझ्या नावाने कळवावे.

हे ऐकून फिर्यादी म्हणाले, “चार मार्कांपायी, गुर्जी? मला हाक मारायची व्हती.” नंतर त्यांनी स्वतःच्या चपला पायातून काढून माझ्यापुढे सरकवल्या, कारण माझ्या चपला मुद्देमाल असल्याने प्रकरण मिटेपर्यंत मिळणार नाहीत. फिर्यादींच्या चपला मला एक बोट मोठ्या होतात. संगणकात शिरणारा कोणी परका नव्हता, याचा फिर्यादींना आनंद झालेला दिसला. पासवर्ड बदलण्याची गरज नाही, असे त्यांचे मत कायम आहे.

माझा हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून ऐकवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. वय तेवढे एक वर्षाने जास्त पडले आहे. ते आज सकाळपासून वाढले असे समजून तसेच राहू द्यावे, मी दुरुस्त करणार नाही.