सिद्रामअप्पाचा बिल्ला

विषय : राज्यघटनेच्या स्मरणार्थ मिळालेल्या पदकाच्या आधारे शिपायाची नोकरी मिळणेबाबत.

तेव्हा मी आळंदच्या तहसील कचेरीत कारकून होतो. घटना लागू झाली त्या दिवशी झेंड्याचा खांब रोवून दिल्याबद्दल तहसीलदारांनी गावातल्या सिद्रामअप्पाला एक पितळी पदक दिलं. निजामाच्या अमलात पितळी बिल्ला असायचा तो सरकारी शिपायाच्या पट्ट्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्रामअप्पा पदक लावून कचेरीच्या दारात उभा.

"अप्पा, कामून आलाव?"

"कामावर आलोय. सरकारनं बिल्ला दिलाय न्हाई का?"

"ते पदक हाय. आता सगळे सारखे झाले, म्हणून दिलंय."

"व्हय? मग तुमच्या शिपायाला बिल्ला अन् नोकरी, मला नुस्ता बिल्ला. हे सारखं कसं?"

घटनेची प्रत आमच्या कचेरीत अजून आली नव्हती, त्यामुळे उत्तर शोधायची सोय नव्हती. मी त्याच्याकडून रीतसर अर्ज घेतला, पुरावा म्हणून पदक उतरवून अर्जाला जोडलं आणि कागद हैदराबादला पाठवले. पुढं हैदराबाद राज्यच मोडलं, आमचा तालुका कन्नड मुलखाला जोडला आणि फाईल बंगळूरला गेली.

अर्ज, पदकासह, अद्याप विचाराधीन आहे.