हमीदाचाचीने लावलेला पीटीओ

मीटरवर माझा फार विश्वास होता, आता तेवढा राहिला नाही.

यंदा आंब्याच्या छाटलेल्या फांद्यांचा भुगा करायला मी चिपर भाड्याने आणला. तो ट्रॅक्टरच्या मागच्या पीटीओवर, म्हणजे इंजिनाने फिरणाऱ्या दांड्यावर चालतो. पीटीओचा दांडा मिनिटाला पाचशे चाळीस वेळा फिरायला हवा. कमी फिरला तर फांदी अडकते, फार जोरात फिरला तर पातं तुटून अंगावर येतं. आणि नेमका माझ्या ट्रॅक्टरचा फेरे मोजणारा मीटर बंद. मेकॅनिक तळेऱ्याहून दुपारी येणार होता.

मी अंदाजाने रेस देत बसलो, तर शेजारच्या हमीदाचाची कुंपणाशी आल्या. तीस वर्षं आचऱ्यात असल्याच पीटीओवर भाताची गिरण चालवलेली बाई. चपला काढून मातीत उभ्या राहिल्या.

"वाढय," म्हणाल्या. मी वाढवली.

"आजून. थांब. इल्लीशी कमी कर. हां, आता हात लावू नको."

"चाची, पुरे ना?" मी दोनदा विचारलं. उत्तर नाही. मी भीत भीत फांदी आत सारली. लोण्यासारखी गेली.

दुपारी मेकॅनिकने आपला मीटर लावला. पाचशे चाळीस. त्याने मीटर पुसला, परत लावला. पाचशे चाळीस.

संध्याकाळी मी त्यांच्या नवऱ्याला म्हटलं, "चाचा, काय कान आहेत हो चाचींचे."

"खंयचे कान? गिरणीच्या आवाजान धा वर्सांपूर्वीच गेले तिचे," चाचा म्हणाले. "ती पायान आयकता."