साळोखे काकांच्या डब्यातील बारा मॉड्यूल

जबाब. दिनांक १ ऑक्टोबर २०२५, सकाळी ११.१५. ठिकाण : पोलीस ठाणे, मानेसर.

नाव : मृणाल अशोक टिपरे. वय : ३० वर्षे. धंदा : नोकरी, नेटवर्क इंजिनिअर. राहणार : सेक्टर ३१, गुरुग्राम. मूळ गाव : सातारा.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून जबाब देते, तो असा :

मला हिंदी बोलता येते. तरीही प्रत्येक शब्द नेमका यावा म्हणून मी मराठीत सांगत आहे. ठाण्याच्या परवानगीने, मराठी जाणणारे निवृत्त सुभेदार शांताराम डोईफोडे हा जबाब लिहून घेत आहेत. हिंदी प्रत सोबत जोडली जाईल.

मी मानेसर येथील गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ११ जून २०१८ पासून काम करते. खंडेराव मारुती साळोखे, वय ६०, राहणार पालम, हे माझ्या विभागात तंत्रज्ञ होते. त्याआधी ते सैन्याच्या सिग्नल, म्हणजे संदेशवहन दलात हवालदार होते. काल, ३० सप्टेंबर रोजी, ते निवृत्त झाले. कागदोपत्री मी त्यांची वरिष्ठ आहे. मी त्यांना काका म्हणते.

काल कारखान्याच्या गेटवर काकांच्या डब्यातून जप्त झालेले मॉड्यूल म्हणजे बोटाएवढे धातूचे तुकडे. ते कॉम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या स्विच नावाच्या पेटीच्या खाचेत बसतात आणि विजेचा संदेश उजेडात बदलून काचेच्या तारेतून पुढे पाठवतात. आमच्याकडे असे अठ्ठेचाळीस आहेत. प्रत्येक जण स्वतःचे तापमान, लेझरला लागणारा करंट, दिलेला उजेड आणि मिळालेला उजेड सांगतो. मर्यादा ओलांडली की कॉम्प्युटर अलार्म देतो.

काका अलार्मची वाट पाहत नसत. रोज सकाळी ९.१० वाजता ते अठ्ठेचाळीस जणांचे आकडे स्क्रीनवर पाहून रजिस्टरमध्ये हाताने लिहीत. याला ते हजेरी म्हणत. कारण विचारल्यावर म्हणाले, "थकलेला लेझर उजेड तेवढाच देतो, पण करंट जास्त खातो. जिना तोच, दम जास्त. अलार्म वाजतो तेव्हा म्हातारा पडलेला असतो, पोरी." मार्च २०२२ मध्ये पेंट शॉपच्या, म्हणजे रंगकाम विभागाच्या मॉड्यूलचा करंट चार महिन्यांत ६.३ वरून ८.९ मिलिअँपिअरवर गेला होता. अलार्म वाजला नव्हता. काकांनी एका रविवारी येऊन तो बदलला. काम एक मिनिटही थांबले नाही, त्यामुळे ही गोष्ट कोणाला कळली नाही.

काढलेले मॉड्यूल ते कपाटात ठेवत आणि "पेन्शनीत गेले" म्हणत. असे अकरा होते. ते निकामी असल्याची यादी माझ्या सहीने ऑगस्टमध्येच भंगार विभागाला दिली आहे.

डब्याबाबत विचारल्यावरून सांगते की, तो स्टीलचा डबा काकांच्या पत्नी तानूबाई यांचा आहे. गणपतीत त्यांनी त्यातून मला करंज्या पाठवल्या होत्या. डबा परत द्यायचा राहिला होता. काल शेवटचा दिवस म्हणून मी तो आणला. आमच्यात डबा रिकामा परत देत नाहीत. मला स्वयंपाक येत नाही. बाजारची मिठाई तानूबाई चालवून घेत नाहीत.

म्हणून काल दुपारी २.२० वाजता, काका जेवायला गेले असताना, मी ते अकरा मॉड्यूल डब्यात भरले आणि डबा त्यांच्या पिशवीत तळाशी ठेवला. काकांना याची कल्पना नव्हती. बाहेर नेण्याच्या वस्तूला गेटपास लागतो हे मला माहीत आहे. आमच्या विभागाचे गेटपास काकाच लिहीत. त्यांच्याकडून पास लिहून घेतला असता तर त्यांना सगळे आधीच कळले असते, म्हणून घेतला नाही. ही चूक माझी आहे.

बाराव्या मॉड्यूलबाबत स्वतंत्रपणे सांगते. तो निकामी नाही. तो सतरा नंबरच्या खाचेतला. मी कामावर आले त्या दिवशी काकांनी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "ढकलू नकोस, बसव. टक् आवाज येईस्तोवर." माझ्या हाताने बसवलेला तो पहिला. काल सकाळी काकांनी सगळी रजिस्टरे माझ्या ताब्यात दिली. ती मी प्रथमच नीट वाचली. सत्तेचाळीस ओळींना खाचेचे नंबर आहेत. सतराव्या ओळीला नंबर नाही, तिथे 'मृणाल' लिहिले आहे. पुढे आकडे आणि 'ठीक'. सात वर्षे तसेच आहे. फक्त ९ जानेवारी २०२३ रोजी 'मॉड्यूल ठीक, मालकीण तापाने घरी' अशी नोंद आहे.

ते वाचून, दुपारी डबा भरण्याआधी, मी स्टोअरमधून माझ्या सहीने नवा मॉड्यूल घेतला, सतरा नंबरला बसवला आणि जुना डब्यात ठेवला. जुना स्टोअरला परत करायला हवा होता. तो कंपनीचा माल आहे. मला विचारायला हवे होते. होणारी कारवाई माझ्यावर व्हावी.

काल ५.३० च्या बसने मी निघाले. ५.४० वाजता गेटवरच्या तपासणीत काकांच्या पिशवीतला डबा उघडला गेला. तेव्हा मी तिथे नव्हते. सुरक्षा सुपरवायझर दहियाजी यांनी आज मला सांगितले की, काकांनी बारावा मॉड्यूल उचलला, चष्मा वर करून त्यावरचा नंबर वाचला आणि म्हणाले, "डब्बा मेरा है. जो लिखना है, मेरे नाम पे लिखो." दहियाजी म्हणाले, "सात साल से देख रहा हूँ मैडम, इन्होंने कभी पेन तक बाहर नहीं निकाला. पर रूल तो रूल है."

सायंकाळी ७.१५ वाजता मला तानूबाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "अगं, काय घातलंस डब्यात? रिकामा देऊ नये हे खरं, पण लोखंड कोण घालतं? ह्यांना उद्या ठाण्यात बोलावलंय." तेव्हा मला प्रकार समजला.

आज सकाळी १०.४० वाजता मी ठाण्यात आले. काका बाकावर बसले होते. आमचे बोलणे झाले ते असे. काका : "तू कशाला आलीस? ड्युटी सोडून?" मी : "तुम्ही काल माझं नाव का नाही सांगितलंत?" काका : "हजेरी घेतलीस का?" मी : "घेतली." काका : "सतरा?" मी : "नवा आहे. ठीक." काका : "नव्याचं काय कौतुक, सगळेच ठीक असतात. सात वर्षांनी सांग." त्यानंतर त्यांनी चहा मागवून मला दिला.

खंडेराव साळोखे यांनी चोरी केलेली नाही. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. रजिस्टर मी सोबत आणले आहे. ते तपासून मला परत मिळावे, कारण उद्या सुट्टी असली तरी ९.१० ला लागेल.

सुभेदारांनी हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. बाहेर बाकावरही तो ऐकू गेला असावा. मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, फक्त एक भर घालायची आहे. आजच्या पानावर अठ्ठेचाळीस ओळी भरलेल्या आहेत. खाली एकोणपन्नासावी मी वाढवली आहे. तिथे 'काका' एवढेच लिहिले आहे. त्यांना घरी जाऊ दिल्यावर पुढचा शब्द लिहीन.

सही : मृ. अ. टिपरे