गायीचं मलम

शिरूर कासारच्या स्टँडवर गाडीची वाट बघत बसलो होतो. मागच्या बाकड्यावर दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

“भिवराबाई, जलमभर ऊस तोडला तुमी, अन् आता हात लई मऊ झालेत की!”

“सुनेनं क्रीम आणलती. मी म्हनलं, ह्या वयात नटायचं शोभतं का? हात बी लावला न्हाई.”

“मंग?”

“मंग तिनं दूध संघातून गायीच्या सडाला चोळायचं मलम आणलं. रोज गायीला ते मलाच चोळाया लावायची.”

“पर गाय तर दुष्काळात इकली ना?”

“व्हय. आता म्हनती, ‘आत्या, माझे हात लई फुटलेत, जरा मलम चोळून द्या.’”

“फुटलेत व्हय?”

“कुठं! एक भेग न्हाई. पर मी बी रोज चोळून देते.”